नियम कुठला आणि साहेबांचा हट्ट कुठला?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या व्याख्यानमालेत इतिहास, अध्यात्म, आरोग्य असे विषय नेहमी होतात. या वर्षी कार्यकारिणीतल्या तरुण मंडळींनी आग्रह धरला, "काका, कचेरीबद्दल बोला. घरी याबद्दल तोंड उघडलं की 'नोकरी आहे, सांभाळून घे' एवढंच ऐकायला मिळतं." मी चौतीस वर्षं एका सार्वजनिक उपक्रमाच्या कार्मिक विभागात होतो. रजेचे अर्ज, हजेरीचे वाद, साहेबांनी केलेल्या तक्रारी आणि साहेबांविरुद्ध झालेल्या तक्रारी, हे सगळं माझ्या टेबलावरून गेलं आहे. त्यामुळे आज उपदेश करणार नाही. जे पाहिलं आणि ज्याचा उपयोग झाला, तेवढंच सांगतो.

आपण मुळात कचेरीची माणसं

आपल्या मंडळाची सभासद यादी एकदा नीट वाचा. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस, कारखानीस, दफ्तरदार. ही आडनावं आहेत की एखाद्या जुन्या कचेरीतल्या पाट्या, असा प्रश्न पडावा! 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. आपले पूर्वज माळव्यात, ग्वाल्हेरला, बडोद्याला आले ते तलवारीबरोबर लेखणी घेऊन.

शिवकाळात किल्ल्यावरचा कारभार एकाच माणसाच्या हाती नसे. हवालदाराकडे किल्ल्याचा ताबा, सबनिसाकडे हजेरीपट आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा आणि इतर साठा. तिघांचं काम वेगळं आणि प्रत्येकाची जबाबदारी ठरलेली. पुढे पेशवाईत मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे उत्तरेत आले. पुण्याहून निघालेलं पत्र इथे पोचायला दिवसचे दिवस लागत. तेव्हा पुण्याला बसून माळव्यातल्या माणसाला तासातासाला "काय चाललंय?" असं विचारण्याची सोयच नव्हती. पुढच्या काळात अहिल्याबाई महेश्वरला बसून राज्याचा कारभार पाहत आणि फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे होती.

याचा अर्थ तेव्हा ढिलाई होती असा नाही. पैशाचा हिशेब मागितला जाई आणि चांगला बारकाईने तपासला जाई. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल त्याची साक्ष देतात. पण हिशेब कडक असला तरी काम कसं करायचं, हे पुष्कळसं ज्याचं त्याच्याकडे होतं. आपल्या घराण्यांची इकडची वस्ती या सोपवलेल्या कामातून झाली आहे. कुणी तरी दूरच्या माणसावर विश्वास टाकला, म्हणून आपण आज इथे आहोत.

आता अंतर उरलं नाही. फोन खिशात आहे आणि साहेब फोनमध्ये. आपल्यातलीच एक मुलगी हैदराबादच्या कंपनीचं काम इथे घरी बसून करते. पाच मिनिटं माऊस हलला नाही, तर तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि वरून विचारणा येते, "कुठे आहेस?" ती मला म्हणाली, "काका, पाणी प्यायला उठले तरी एक हात माऊसवर ठेवावासा वाटतो." दुसरा एक मुलगा वसुलीच्या कामावर आहे. त्याला प्रत्येक ग्राहकाच्या दारात उभं राहून स्वतःचा फोटो पाठवावा लागतो आणि दर तासाला गटावर आकडा टाकावा लागतो. आकडे पाठवण्यात इतका वेळ जातो की ज्याचे आकडे पाठवायचे, ते कामच मागे पडतं.

आधी वेगळं करा

अशा मुलाने किंवा मुलीने तक्रार केली की मी पहिला प्रश्न विचारतो : हा नियम आहे की साहेबांची सवय? बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, पण दोन्हींवरचं औषध वेगळं आहे.

काही नियम जाचक वाटतात पण ते आपल्याला वाचवतात. बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांनी, दोन माणसांनी मिळून उघडायची असते. नव्या पोराला वाटतं, माझ्यावर विश्वास नाही. पण उद्या रोकड कमी भरली, तर त्या दुसऱ्या किल्लीमुळेच त्याच्या एकट्यावर बालंट येत नाही. अशा नियमाशी भांडू नये.

काही नियम कधी काळी कारणाने झालेले असतात. कारण संपतं, नियम राहतो. ज्या अहवालाच्या चार प्रती काढायच्या, त्यातल्या तीन कुणी उघडतही नाही. असा नियम बदलून घेता येतो, पण त्यासाठी "हे मूर्खपणाचं आहे" असं म्हणून चालत नाही. "या तीन प्रती कुठे लागतात ते कळलं तर त्याप्रमाणे करतो," असं विचारलं की पुष्कळदा उत्तर सापडत नाही आणि प्रती आपोआप बंद होतात.

तिसरा प्रकार सगळ्यात मोठा. त्याला कागद नसतो. मेल पाठवण्याआधी मला दाखवा, जेवायला जाताना सांगून जा, मी निघेपर्यंत बसा. हा नियम नाही, हा हट्ट आहे. ओळखायला तीन प्रश्न पुरतात. हे कुठे लिहिलेलं आहे का? सगळ्यांना सारखं लागू आहे का? आणि हे पाळलं नाही तर नेमकं कुणाचं काय बिघडतं? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर नियम समजून हट्ट पाळत बसू नका.

लेखी नियम दुबळ्याच्या बाजूने असतो

आपल्याकडे नियम म्हटलं की साहेबांचं हत्यार, अशी समजूत आहे. माझा अनुभव उलटा आहे. १९४६ साली औद्योगिक आस्थापनांसाठी स्थायी आदेशांचा कायदा झाला. कामाच्या पाळ्या, हजेरी, उशीर, रजा, गैरवर्तन कशाला म्हणायचं आणि शिक्षेआधी कामगाराचं म्हणणं कसं ऐकायचं, हे मालकाने लिहून ठेवावं, ते कामगारांना समजेल अशा भाषेत फलकावर लावावं, हा त्याचा गाभा. तोवर मालक बोलेल तो नियम होता. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत हा विषय पुढे घेतला गेला. कायद्याचं रूप बदललं, पण नियम लेखी असावा हे तत्त्व राहिलं.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. सरकारी नोकरांना ते दरडावण्यासाठीच आहेत असं वाटतं. पण त्यातला तिसरा नियम नीट वाचा. वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी आदेश शक्य तो टाळावा, तोंडी द्यावाच लागला तर वरिष्ठाने तो लगेच लेखी कायम करावा, आणि हाताखालच्यानेही तसं मागून घ्यावं, असं त्यात आहे. त्याच नियमाच्या स्पष्टीकरणात आणखी एक गोष्ट आहे. ज्या बाबतीत अधिकार तुमचाच आहे, तिथे उगाच वरिष्ठांची संमती मागून जबाबदारी टाळू नका. म्हणजे 'प्रत्येक गोष्ट मला विचारा' ही पद्धत सरकारी नियमांनाही अभिप्रेत नाही!

तेव्हा पहिलं काम म्हणजे आपल्या नोकरीचे नियम वाचणं. नेमणूक पत्र, सेवाशर्ती, रजेचे नियम, कंपनीचं धोरण. माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नेमणूक पत्राची दुसरी बाजूही वाचलेली नसे.

साहेब असे का वागतात?

मायक्रोमॅनेजमेंट हा शब्द आजची मुलं वापरतात. आमच्या वेळी "डोक्यावर बसतात" म्हणायचे. नाव काहीही द्या, त्यामागे बहुतेकदा भीती असते. उत्तम कारकून होता म्हणून माणूस अधिकारी झाला. आता काम दुसऱ्याने करायचं आणि जबाबदारी याची. हात शिवशिवतात. किंवा मागे कधी तरी हाताखालच्याच्या चुकीमुळे ऑडिटचा पॅरा लागलेला असतो आणि चटका अजून गेलेला नसतो. किंवा त्याच्याही डोक्यावर कुणी बसलेलं असतं. जो तुम्हाला तासाला विचारतो, त्याला वरून अर्ध्या तासाला विचारत असतात.

काही थोडे लोक भीतीपोटी नाही, तर दुसऱ्याला छोटं करण्यात सुख वाटतं म्हणून तसं वागतात. तेही मी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल पुढे बोलू. पण आधी भीती वाटणाऱ्यांचं बघू, कारण ते संख्येने जास्त आणि त्यांच्यावर इलाज आहे.

काय करता येतं

पहिली गोष्ट, विचारण्याआधी सांगा. आमच्या एका शाखेत असे एक साहेब होते की एका कारकुनाच्या टेबलाशी दिवसातून आठ-दहा फेऱ्या. कारकून हुशार, पण वैतागलेला. त्याला मी सुचवलं की रोज सकाळी अकराला आणि दुपारी चारला एक चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर ठेव. काय झालं, काय चालू आहे, कुठे अडलं आहे. तीन ओळी. पहिले पंधरा दिवस काही फरक नाही. मग फेऱ्या निम्म्यावर आल्या आणि दोन महिन्यांनी साहेब फक्त चिठ्ठी वाचू लागले. त्यांना कारकून नको होता, खात्री हवी होती.

दुसरी गोष्ट, काम घेतानाच अटी ठरवा. "साहेब, हे शुक्रवारी देतो. मधे बुधवारी एकदा दाखवतो. त्यात कुठल्या दोन-तीन गोष्टी तुम्हाला पाहायच्या आहेत?" एवढं विचारलं की साहेबांना स्वतःलाच ठरवावं लागतं. ज्याला शंभर गोष्टी पाहायच्या असतात, त्याला तीन निवडायला लावलं की बाकीच्या सत्त्याण्णव तुमच्या राहतात.

तिसरी गोष्ट, तोंडी आदेश कागदावर आणा, पण गोडीने. "लिहून द्या" म्हटलं की युद्ध सुरू होतं. त्यापेक्षा आपणच दोन ओळी पाठवाव्यात : 'आज सकाळी आपण सांगितल्याप्रमाणे अमुक काम आधी घेतो आहे आणि आधीचं काम सोमवारपर्यंत पुढे ढकलतो आहे. काही बदल असल्यास कळवावे.' यात कुणाचा अपमान नाही, आणि सोमवारी "ते काम का राहिलं?" असं विचारलं, तर उत्तर तयार आहे.

चौथी गोष्ट, प्रत्येक मुद्द्यावर लढू नका. पाच गोष्टी खटकत असतील, तर ज्या एकीने कामाचं किंवा तब्येतीचं नुकसान होतं तिच्यावर बोला, बाकी चार सोडा. आणि बोलायचं ते बंद दाराआड. चार लोकांत साहेबांचं चुकलं असं दाखवलं, तर तुमचं बरोबर असूनही तुम्ही हरता.

पाचवी, नियम अक्षरशः पाळून सूड उगवण्याचा मोह टाळा. 'नियमानुसार काम' हे रेल्वेसारख्या ठिकाणी संघटनांनी वापरलेलं आंदोलनाचं अस्त्र आहे. सगळे नियम शब्दशः पाळले की गाड्या खोळंबतात, आणि काम माणसांच्या समजुतीवर चालतं हे त्यातून दिसतं. संघटनेच्या हाती त्याला अर्थ आहे. एकट्याने केलं की त्याला नुसतं अडेलपणा म्हणतात.

हे सगळं करूनही काही वेळा उपयोग होत नाही, हेही सांगायला हवं. चिठ्ठीचा उपाय दुसऱ्या एका साहेबांवर करून पाहिला, तर ते चिठ्ठीतल्या प्रत्येक ओळीवर तीन प्रश्न विचारू लागले. तिथे शेवटी बदलीचा अर्ज हाच मार्ग निघाला. खाजगी नोकरीत दुसरी नोकरी शोधावी लागते. पण रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. आधी नोटीसचा काळ, बाँड असल्यास त्याची अट, शिल्लक रजा आणि हातातले पैसे पाहा. दुसरं पत्र हातात आल्यावर पहिलं द्या.

आणि जिथे शिवीगाळ, जात किंवा बाईपणावरून टोमणे, धमकी, चारचौघांत मानहानी सुरू होते, तिथे हा विषय सहनशीलतेचा राहत नाही. तारीख, वेळ, शब्द आणि हजर कोण होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. स्त्रियांच्या लैंगिक छळाबाबत २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि सामान्यतः घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. आपल्या मुली-सुनांना हे माहीत असू द्या.

हा तब्येतीचा प्रश्न आहे

कुणी म्हणेल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? म्हणून लंडनचं एक उदाहरण देतो. तिथल्या सरकारी कचेऱ्यांतल्या कर्मचाऱ्यांवर 'व्हाइटहॉल' नावाने ओळखले जाणारे दोन मोठे अभ्यास झाले. पहिला १९६७ साली सुरू झाला, दुसरा १९८५ साली. दुसऱ्यात दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष होते आणि त्याचे प्रमुख होते मायकेल मार्मट. ही सगळी माणसं पक्क्या नोकरीची, नियमित पगाराची, कुणी उपाशी नाही. तरी पायरी जितकी खालची, तितका हृदयविकार जास्त. धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब केला तरी फरक पुरता संपेना. १९९७ साली त्यांनी मांडलं की आपल्या कामात स्वतः काही ठरवण्याची मुभा ज्यांना कमी होती, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त होता.

त्याआधी १९७९ साली रॉबर्ट कारासेक यांनी अमेरिका आणि स्वीडनमधल्या माहितीवरून असंच काही सांगितलं होतं. नुसत्या जास्त कामाने माणूस तितका खचत नाही. काम जास्त आणि त्यावर आपला ताबा काहीच नाही, हे जिथे एकत्र येतं तिथे तो खचतो. आपल्या घरातली गृहिणी गौरी-गणपतीत पहाटेपासून राबते, पण पुरण आधी की मोदक आधी हे तिचं तीच ठरवते. तिच्यामागे उभं राहून दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारून पाहा, म्हणजे कारासेकसाहेब काय म्हणतात ते लगेच कळेल!

घरच्यांनी काय करावं

आता ज्येष्ठांशी बोलतो. आपण मुलांना सांगतो, "आम्ही तीस-तीस वर्षं काढली, तुम्हाला तीन वर्षं निघत नाहीत?" आपण काढली हे खरं. पण आपली कचेरी साडेपाचला कुलूपबंद होत असे. बडे बाबू कितीही खडूस असले, तरी ते कचेरीतच राहत. आपण सायकलवरून राजवाड्यापर्यंत येईतो डोकं मोकळं होई. आजचा साहेब जेवणाच्या ताटाशेजारी फोनमध्ये बसलेला असतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून, मोठ्या आस्थापनांनी कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून मोकळं राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावीत, असा कायदा आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत या विषयावर खाजगी विधेयक मांडलं होतं; त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा तूर्त ही मोकळीक घरानेच थोडी फार द्यायची आहे.

मुलगा किंवा सून घरी आल्यावर अर्धा तास काही विचारू नका. बोलू लागली तर मधेच सल्ला देऊ नका. झोप उडाली, जेवण तुटलं, रविवारी संध्याकाळीच पोटात गोळा येऊ लागला, तर "सगळ्यांनाच होतं" म्हणून झटकू नका. डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही मनाच्या आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तीही लक्षात ठेवा. लग्नाच्या बैठकीत मुलाचा पगार विचारता, तसं कधी तरी त्याला झोप लागते का तेही विचारा.

आणि इथे बसलेल्यांपैकी जे स्वतः साहेब आहेत, त्यांना एक विनंती. येत्या आठवड्यात एक काम एका माणसाला पूर्ण सोपवा. काय हवं आणि कधी हवं ते स्पष्ट सांगा, हिशेब ठरल्या दिवशी घ्या आणि मधे हात खिशात ठेवा. आपल्या मंडळालाही हे लागू आहे. प्रसाद समितीकडे प्रसाद सोपवल्यावर अध्यक्षांनी मोदक मोजायला जाऊ नये. (अध्यक्ष हसताहेत, म्हणजे त्यांना कळलं!)

जाता जाता बाप्पाची गोष्ट. महाभारत लिहिण्याची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. सांगणारे व्यास आणि लिहून घेणारा गणपती. आपल्या नीस मंडळींचा मूळ पुरुषच म्हणा ना! गणपतीने अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही. सांगणाऱ्याला आपली अट घालता आली, तशी लिहिणाऱ्यालाही घालता आली. दोघांच्या अटी काम सुरू होण्याआधी ठरल्या आणि दोघांनी त्या पाळल्या. मग एवढं प्रचंड काम झालं, आणि मधे कुणी कुणाला "कुठवर आलं?" असं विचारल्याचं कथेत कुठे नाही.

आपल्या मुलांना कचेरीत अटी ऐकता याव्यात, तशाच नम्रपणे मांडताही याव्यात, एवढी बुद्धी त्या बुद्धिदात्याने द्यावी.

गणपती बाप्पा मोरया!